जातीची नोंद झाली, बोकडाची कधी?

देवनहळ्ळी हे नाव आपल्या बहुतेक वाचकांना ठाऊक असते ते बेंगळुरूच्या विमानतळामुळे. मे २००८ मध्ये हा विमानतळ सुरू झाला आणि टिपू सुलतानाचे जन्मगाव, जुना किल्ला व पपनसाच्या बागा एवढीच ओळख असलेल्या या तालुक्याचा चेहरामोहरा पालटला. येथील पपनसाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. त्या बागांच्या जमिनींना मात्र आता फळापेक्षा भूखंड म्हणून अधिक मोल आले आहे. विमानतळाकडे पाठ करून उत्तरेला निघाले, की वीस-पंचवीस किलोमीटरवर नंदीचा डोंगर लागतो. नाचणीची शेते, तळ्यांचे बांध, निलगिरीचे पट्टे आणि त्यांच्या कडेकडेने चरणारी शेरडे-मेंढरे हा या मुलखाचा जुना परिचय. कानडीत मेंढीला कुरी आणि शेळीला मेके म्हणतात. या भागातील मेके बहुधा पांढरी, लोंबत्या कानांची, अंगाने भरलेली आणि प्रामुख्याने मांसासाठी पाळलेली असते. डोंगराच्या नावावरून तिला नंदीदुर्ग म्हणतात. चिक्कबळ्ळापूर, कोलार, तुमकूर, चित्रदुर्ग अशा कोरडवाहू जिल्ह्यांत ती पसरलेली आहे.

ही शेळी कोणा संस्थानिकाने वा संशोधकाने घडविलेली नाही. पिढ्यान्‌पिढ्या पशुपालकांनी आपल्या गरजेप्रमाणे बोकड राखले, नको ते विकले, आणि त्या निवडीतून एकसारख्या दिसणाऱ्या व एकसारखी संतती देणाऱ्या जनावरांचा एक समूह उभा राहिला. अलीकडच्या काळात त्या समूहाला 'जात' म्हणून अधिकृत मान्यता मिळाली. तिच्याच जोडीने कर्नाटकातील आणखी एका शेळीची नोंद झाली, ती म्हणजे बिदर भागातील काळी बिदरी शेळी. महाराष्ट्राच्या उस्मानाबादी, संगमनेरी, कोकण कन्याळ आणि बेरारी या चार जाती त्याआधीच नोंदवहीत आलेल्या होत्या. देशात आज शेळीच्या तीसहून अधिक जाती अशा रीतीने नोंदलेल्या आहेत.

नोंदणीच्या या कामाचा आणि बेंगळुरूचा एक जुना धागा आहे. आज हरियाणातील कर्नाल येथे असलेला राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो सप्टेंबर १९८४ मध्ये प्रथम सुरू झाला तो बेंगळुरूत, राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेच्या दक्षिण केंद्राच्या आवारात. पुढच्याच वर्षी तो कर्नालला हलविण्यात आला. देशी जातींची नावे तोवर पुस्तकांत होती, जिल्हा गॅझेटिअरांत होती, पशुपालकांच्या बोलण्यात होती. पण अमुक एक जात आहे असे अधिकाराने सांगणारी यंत्रणा नव्हती. भारतीय कृषी संशोधन परिषदेने २००७ मध्ये ती उभी केली आणि नोंदणीचे काम या ब्यूरोकडे सोपविले. जातीचे क्षेत्र, अंदाजे संख्या, बाह्य लक्षणे, मापे, उत्पादन, ती पाळणारे समाज, तिच्या स्थानिक नावाचा इतिहास आणि शेजारच्या जातींहून तिचे वेगळेपण हे सारे पुराव्यानिशी मांडावे लागते. मग तज्ज्ञ समिती त्यावर निर्णय घेते. मान्य झालेल्या जातीला मिळणाऱ्या क्रमांकात देश, पशूचा प्रकार, राज्याचा संकेतांक, जातीचे नाव व अनुक्रम एवढ्या गोष्टी गुंफलेल्या असतात. २०१९ पासून अशा जाती केंद्र सरकारच्या राजपत्रातही प्रसिद्ध होऊ लागल्या. या आनुवंशिक धनावर देशाचा हक्क आहे हे जगापुढे लेखी मांडण्याचा तो मार्ग होय.

येथवर सारे समाधानाचे आहे. पण बेंगळुरूत नोकरी करणारा आणि गावी शेळीपालनाचा प्रकल्प उभारू पाहणारा एखादा मराठी तरुण जेव्हा विचारतो, "उस्मानाबादी तर नोंदणीकृत जात आहे ना? मग मी घेतलेला बोकड नोंदणीकृत उस्मानाबादी, असे समजायचे ना?" तेव्हा उत्तर नकारार्थी द्यावे लागते.

गावाचे नाव महसुली नकाशावर असणे वेगळे आणि त्या गावातील अमुक गट आपल्या नावे सातबाऱ्यावर असणे वेगळे. जातीची नोंद म्हणजे नकाशा. तिच्यामुळे समूहाला ओळख मिळते. एका विशिष्ट बोकडाचा बाप कोण, आई कोण, त्या आईने किती वेतांत किती करडे दिली, तिसऱ्या महिन्यात त्याचे वजन किती भरले, हे सांगणारा कागद म्हणजे त्या जनावराचा सातबारा. इंग्रजी राजवटीपासून जमिनीचे उतारे जपणाऱ्या आपल्या समाजाने शेळ्यांचे उतारे मात्र कधी केले नाहीत. गायी-म्हशींच्या काही निवडक जातींसाठी केंद्रीय कळप नोंदणी योजना १९६३ पासून आहे. शेळीच्या वाट्याला तशी योजना आली नाही.

कागदावर वाढलेली शेळी

वंशावळीच्या नोंदीने काय साधते, हे पाहण्यासाठी दक्षिण आफ्रिकेच्या बोअर शेळीकडे पाहिले पाहिजे. आज जगभर मांसल शेळी म्हटली, की प्रथम तिचेच नाव घेतले जाते. मूळ आपल्या शेळ्यांसारखेच गावठी. त्या भूमीतील खोईखोई व बांटू भाषिक पशुपालकांच्या शेळ्या, त्यांत युरोपीय आणि कदाचित काही भारतीय रक्तही मिसळलेले, असे तिचे कुळ सांगितले जाते. बोअर या शब्दाचा अर्थच शेतकरी. लोकरीसाठी बाहेरून आणलेल्या अंगोरा शेळीहून वेगळी ओळखता यावी म्हणून शेतकऱ्याघरची ती बोअर शेळी, एवढाच त्या नावाचा मूळ आशय. विसाव्या शतकाच्या आरंभी केप प्रांताच्या पूर्व भागातील पशुपालकांनी भरदार अंगाच्या, आखूड केसांच्या, तांबड्या डोक्याच्या व पांढऱ्या धडाच्या जनावरांची निवड सुरू केली. अशी निवड आपल्याकडेही होत होती. फरक पडला तो १९५९ मध्ये. त्या वर्षी तेथील पालकांनी आपला संघ स्थापन केला आणि जातीचे प्रमाण लेखी ठरविले. डोके कसे असावे, नाकाचा फुगीर उतार किती, जबडे एकमेकांवर नीट बसतात की नाही, सडांची ठेवण कशी, उन्हापासून बचाव व्हावा म्हणून शेपटीखालची उघडी कातडी काळसर आहे काय, इथपर्यंत तपशील त्यात आले. ज्या जनावरात दोष दिसेल ते कितीही देखणे असले तरी नोंदीबाहेर.

रूप मोजून झाल्यावर ते काम मोजण्याकडे वळले. १९७० मध्ये बोअर शेळीचा समावेश तेथील राष्ट्रीय उत्पादन तपासणी योजनेत झाला. मांसासाठीच्या शेळीची अशी शासकीय पातळीवरील पद्धतशीर तपासणी जगात इतर कोठे क्वचितच झाली असेल. आईचे दूध व करडाची दूध तुटेपर्यंतची वाढ, नंतरची वाढ, खाल्लेल्या खाद्याचे मांसात रूपांतर करण्याची नराची क्षमता आणि शेवटी त्याच्या संततीच्या कापलेल्या धडाची प्रत अशा टप्प्याटप्प्यांनी ही परीक्षा होई. चांगल्या संगोपनात बोअरची करडे दिवसाला दोनशे ग्रॅमहून अधिक वजन घेतात आणि पूर्ण वाढीचे नर शंभर किलोच्या वर जातात, हे आकडे आपण कौतुकाने सांगतो. त्या आकड्यांमागे काही दशकांच्या वह्या आहेत, हे सांगावयाचे राहून जाते.

१९८० च्या दशकात ही शेळी ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडकडे आणि १९९३ च्या सुमारास अमेरिकेत पोहोचली. अमेरिकेत त्याच वर्षी तिच्या पालकांची संघटना स्थापन झाली. तिने ठरविलेला हिशेब आपल्याकडील पालकांनी मुद्दाम समजून घ्यावा असा आहे. ज्या जनावराचे सर्व पूर्वज मूळ आफ्रिकी कळपांपर्यंत नोंदीने पोहोचतात, ते पूर्ण रक्ताचे. स्थानिक शेळीवर पूर्ण रक्ताचा बोअर बोकड वापरला, तर पहिल्या पिढीत निम्मे रक्त. त्या पाटीवर पुन्हा तसाच बोकड वापरला, की पाऊण. मग आठात सात, सोळात पंधरा, बत्तिसात एकतीस. मादी सोळात पंधरा भागांवर पोहोचली, की तिला शुद्ध म्हणावयाचे. नर मात्र बत्तिसात एकतीस भाग भरल्याशिवाय शुद्ध नाही. नराला एक पिढी अधिक का, हे उघड आहे. शेळीचे दोष तिच्या दोन-चार करडांत उतरतात, बोकडाचे शंभरांत. सोळात पंधरा भाग होण्यास चार पिढ्या लागतात, म्हणजे अंदाजे सहा-सात वर्षे; आणि या चारही पिढ्यांत प्रत्येक वेळी वापरलेला बोकड पूर्ण रक्ताचाच होता, हे कागदावर दाखवावे लागते. एकाही पायरीचा कागद नसेल, तर हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

आपल्याकडील जमनापारी शेळीची कथा याच्या शेजारी ठेवून पाहावी. एकोणिसाव्या शतकात यमुनेकाठच्या या उंच, लांबकान्या शेळ्या बोटींतून इंग्लंडला गेल्या. तेथे १८७९ मध्ये स्थापन झालेल्या शेळीपालकांच्या संस्थेने पुढे कळपनोंदी ठेवल्या, आणि जमनापारी, इजिप्तकडील व इंग्लिश शेळ्यांच्या संकरातून अँग्लो-न्यूबियन ही जात मान्यता पावली. शेळी आपली, कागद त्यांचा.

फलटणची पेटी आणि बाजारातले तांबडे डोके

महाराष्ट्राला बोअर नवी नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात ती देशात प्रथम आणली, आणि तीही गोठविलेल्या भ्रूणांच्या रूपाने. जिवंत जनावराबरोबर रोग येण्याचा धोका असतो. भ्रूण स्थानिक शेळीच्या गर्भाशयात वाढवून जन्माला आलेले करडू रक्ताने पूर्ण बोअर असते आणि त्याचे आईबाप कोण याची लेखी नोंद त्या थंड पेटीबरोबरच येते. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेचे मेंढीवरील कामही याच वृत्तीचे आहे. सुंदरबनातील लहानखुऱ्या गॅरोल मेंढीतील जुळ्यांचे जनुक दख्खनी मेंढीत आणताना प्रत्येक पिढीत कोणत्या कोकराने ते जनुक घेतले, याची तपासणी व नोंद ठेवली गेली. नारी सुवर्णा हे नाव त्यातून आले. नोंद नसती तर त्या जनुकाचा माग दुसऱ्या पिढीतच हरवला असता.

पुढे बोअरचे बोकड संस्थेच्या कुंपणाबाहेर शेतकऱ्यांकडे गेले, त्यांच्या संकरित पिढ्या झाल्या, आणि मग बाजाराने ताबा घेतला. आज समाजमाध्यमांवर 'शंभर टक्के आफ्रिकन बोअर' अशा जाहिरातींना तोटा नाही. पांढरे धड, तांबडे डोके आणि लोंबते कान एवढ्या भांडवलावर करडाला लाखाची किंमत सांगितली जाते. पाऊण किंवा आठात सात रक्ताचे जनावर आणि पूर्ण रक्ताचे जनावर नुसत्या नजरेने वेगळे काढणे जाणत्यालाही कठीण. तेव्हा येथे डोळ्यावर नव्हे, तर एका साध्या प्रश्नावर विसंबावे. परदेशातून जनावर, भ्रूण वा रेत आणावयाचे तर केंद्राचा स्वच्छताविषयक आयात परवाना लागतो, आणि विलग्नवासाची प्रक्रिया असते. याचा अर्थ असा, की देशात पूर्ण रक्ताची बोअर जेथून जेथून आली त्या वाटा मोजक्या आहेत व प्रत्येकीला कागद आहे. विकणाऱ्याचा बोकड त्यांपैकी कोणत्या आयातीपर्यंत पोहोचतो आणि मधल्या पिढ्यांचे क्रमांक कोणते, हे विचारावे. उत्तरादाखल फक्त बोकडाचे छायाचित्र पुढे आले, तर तो संकरित बोकड आहे असे धरून किंमत करावी. संकरित असणे हा दोष नाही. संकरिताला शुद्धाची किंमत देणे हा तोटा आहे.

प्रस्तुत लेखकाचे मत विचाराल, तर बोअरचे खरे स्थान मटणासाठीच्या अंतिम संकरात आहे. उस्मानाबादी वा अन्य देशी शेळीवर बोअर बोकड वापरून झालेली पहिली पिढी जोमाने वाढते; ती सारीच्या सारी कापण्यासाठी विकावी. तीच पिढी आपसांत लावून पुढचा कळप बांधू गेल्यास संकराचा जोम ओसरतो, करडे एकसारखी राहत नाहीत, आणि माळावर चरून, उन्हाळा काढून जुळी देणारी मूळ शेळी दरम्यान हातची गेलेली असते. मोठ्या अंगाला चाराही मोठाच लागतो. बंदिस्त गोठ्यात तो पुरविता येतो. बालाघाटच्या माळावर येत नाही.

घरची शेळी, अनोळखी बाप

म्हणून प्रश्न अखेर देशी शेळीपाशी येतो. धाराशिव, लातूर, बीड, परभणी, सोलापूर, अहिल्यानगर या पट्ट्यातील उस्मानाबादी शेळी बहुतांशी काळी, मध्यम बांध्याची. पूर्ण वाढलेली शेळी तीस-पस्तीस किलोच्या घरातली. जुळी देणे हा तिचा मोठा गुण. ही शेळी अनेक घरांत बाईच्या मालकीची असते, आणि तिच्या कळपाची वंशावळ त्या बाईला तोंडपाठ असते: ही पाट त्या भुरीची, ती भुरी थोरल्या शिंगडीची, शिंगडी माहेराहून आलेली. तीन-तीन पिढ्या बिनचूक. मात्र ही सारी वंशावळ आईकडची. बाप विचारला, की उत्तर येते, "असेल गावातला कुठलातरी." एकत्र चरावयास गेलेल्या कळपात दोन-तीन घरचे बोकड असतात, त्यांत अर्धवट वाढलेली नर करडेही असतात. दर पिढीत निम्मे रक्त अनोळखी. ज्या निम्म्यातून कळप झपाट्याने सुधारता आला असता, तेच हे निम्मे.

त्याहून गंभीर गोष्ट बाजाराची आहे. कळपात सर्वांत वेगाने वाढणारा नर सर्वांत आधी विकला जातो. घरात पैशाची नड असते, व्यापारी दारात उभा असतो, आणि बकरी ईद जवळ आली असेल तर भरदार, निर्दोष बोकडाला जो भाव मिळतो तो नाकारणे कोणालाच परवडत नाही. मागे राहतो तो हळू वाढणारा, न विकला गेलेला. पुढच्या हंगामात शेळ्या लावतो तोच. म्हणजे निवड होत नाही असे नाही. निवड नेमाने होते, पण उलट्या दिशेने. वाढीच्या वेगातील फरकाचा बराच भाग, स्थूलमानाने पाव ते तिसरा हिस्सा, आनुवंशिक असतो. वेगाने वाढणारे बाप दर वर्षी खाटकाकडे जात असतील, तर कळपाचे वजन कां वाढत नाही याचे उत्तर खुराकात शोधण्यात अर्थ नाही.

समजा, एखाद्याने निश्चय केला, की या वर्षी सर्वांत वजनदार करडू विकावयाचे नाही, तेच पैदाशीला राखावयाचे. हेतू चांगला, पण नोंदीवाचून येथेही फसगत होते. तीन महिन्यांचे एक करडू बारा किलोचे आहे, शेजारच्या शेळीची दोन करडे प्रत्येकी साडेनऊ किलोची. नजर बारा किलोवर जाईल. पण ते एकुलते होते, सारे दूध त्याला एकट्याला मिळाले. दुसऱ्या शेळीने त्याच काळात एकोणीस किलो वजन दिले. दरवर्षी एकुलती, टपोरी करडे निवडत गेल्यास दहा वर्षांनी आपण जुळी न देणारा कळप निवडून बसतो, आणि उस्मानाबादीचे मूळ वैशिष्ट्यच घालवतो. जुळ्यांचा गुण आनुवंशिकतेने फार हळू सरकतो. तो एकदा घसरला, की परत चढविण्यास पिढ्या जातात. म्हणून करडाच्या वजनापुढे जन्मदिनांक, एकुलते की जुळे, आईचे कितवे वेत आणि हंगाम कोणता एवढे लिहिलेले असावे लागते. त्याखेरीज दोन करडांची तुलना करता येत नाही. संशोधन केंद्रांत संगणकावर जी पैदास मूल्ये काढली जातात, तीही याच चार-सहा रकान्यांवर उभी असतात.

बंदिस्त शेळीपालनात बाप ठाऊक असतो, पण तेथे दुसरे संकट येते. दोन वर्षे तोच बोकड कळपात राहिला, की तो आपल्या मुलींना लागतो. बाप आणि मुलीच्या संततीत समरक्ताचे प्रमाण पंचवीस टक्के, सावत्र भावंडांच्या संततीत साडेबारा टक्के. करडे जन्मतःच हलकी व अशक्त होतात, मरतूक वाढते, शेळ्या उलटतात. पालक जंतनाशकाचा आणि लसीचा खर्च वाढवीत राहतो. कानातील बिल्ल्याचा क्रमांक व बापाचा क्रमांक यांची वही असती, तर शेजाऱ्याशी बोकड बदलून हा खर्च टळला असता.

बोकड आणावेत कोठून?

२०१९ च्या पशुगणनेप्रमाणे देशात शेळ्यांची संख्या सुमारे १४ कोटी ८९ लाख आहे. महाराष्ट्रात एक कोटीहून अधिक. त्यांतील निम्म्या विण्याजोग्या धरल्या आणि पंचवीस शेळ्यांमागे एक बोकड असा नेहमीचा हिशेब लावला, तर एकट्या महाराष्ट्राला दोन लाखांवर पैदाशीचे बोकड हवेत. दर दोन वर्षांनी ते बदलावयाचे, तर वर्षाला एक लाख. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२१ पासून पाचशे शेळ्या व पंचवीस बोकडांच्या पैदास प्रकल्पास पन्नास टक्के भांडवली अनुदान आहे, कमाल मर्यादा पन्नास लाख रुपये. गोठे बांधून होतात, कुट्टीयंत्रे येतात, पाचशे शेळ्या बाजारांतून गोळा करता येतात. ज्यांच्या दोन पिढ्या लेखी ठाऊक आहेत असे पंचवीस बोकड मात्र सहजी मिळत नाहीत. अखेर तेही बाजारातूनच येतात. असा प्रकल्प 'पैदास केंद्र' या नावाने पुढे करडे विकतो तेव्हा त्याच्या करडांना बाजारच्या करडांहून वेगळे म्हणावे असे काय आहे, हा प्रश्न अनुदान देणाऱ्याने विचारावयास हवा.

नोंदींचे काम कोणीच करीत नाही, असे मात्र नाही. अखिल भारतीय समन्वित शेळी सुधार प्रकल्पात उस्मानाबादीसाठी फलटणची निंबकर संस्था, संगमनेरीसाठी राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि कोकण कन्याळसाठी दापोलीचे कृषी विद्यापीठ शेतकऱ्यांच्याच कळपांत काम करीत आले आहे. प्रकल्पाचा नोंदणीस गावात जातो, करडाच्या कानात बिल्ला मारतो, ताणकाट्यावर जन्माचे, तिसऱ्या, सहाव्या, नवव्या व बाराव्या महिन्याचे वजन घेतो. त्या आकड्यांवरून निवडलेले बोकड पुन्हा गावांत दिले जातात. पद्धत साधी आहे आणि ती चालते. तिची व्याप्ती तेवढी गरजेच्या मानाने चिमुकली आहे. विद्यापीठे आणि संस्था लाख बोकड पुरवू शकणार नाहीत. दक्षिण आफ्रिकेतही ते काम सरकारने केले नाही, पालकांच्या संघाने केले. आपल्याकडे शेळीपालकांचे गट, उत्पादक कंपन्या, महिला बचत गट यांची कमतरता नाही. त्यांच्या बैठकांत चाऱ्याची चर्चा होते, विम्याची होते, ईदच्या भावाची होते. सामाईक नोंदवहीची क्वचितच होते.

अशी वही आरंभी एखाद्या तालुक्यापुरती असली तरी पुरे. दहा घरच्या शेळ्या मिळून अडीचशे भरल्या, तर त्यांना दहा बोकड लागतात. बोकडांना क्रमांक द्यावे, कोणत्या महिन्यात कोणता बोकड कोणत्या घरी होता ते लिहावे, आणि दरवर्षी त्यांची घरे फिरवावीत. गावात मोकाट हिंडणाऱ्या इतर नर करडांचे वेळीच खच्चीकरण करून घ्यावे. हे न केल्यास वहीतला बाप आणि खरा बाप यांत अंतर पडते. शंका राहिलीच तर केसांच्या वा रक्ताच्या नमुन्यावरून डीएनए तपासणी करून बाप ठरविता येतो. मात्र तपासणीला निदान संशयित बापांची यादी तरी लागते, आणि ती वहीतूनच मिळते. गटाने एक नियम मात्र कठोरपणे पाळला पाहिजे: सहाव्या महिन्याच्या वजनानंतर ज्या दोन-चार नर करडांची निवड होईल, ती ईदपूर्वी विकावयाची नाहीत. त्या करडांचा ईदचा भाव गटाने आपल्या निधीतून मालकाला द्यावा. हा खर्च टाळून पैदास सुधारण्याची युक्ती अद्याप कोणास सापडलेली नाही.

सीमेवरच्या जिल्ह्यांत हे काम अधिक निकडीचे आहे. उदगीरचा बाजार आणि बिदर जिल्ह्यातील भालकी यांच्यात शेरडांची ये-जा राज्यांच्या फेररचनेपूर्वीपासूनची आहे. अलीकडे काळी उस्मानाबादी, पलीकडे काळी बिदरी. नोंदवहीत दोन्ही स्वतंत्र जाती, आणि त्यांना स्वतंत्र ठरविणाऱ्या मापांचा आधार तज्ज्ञ समितीपुढे होता. बाजारात मात्र दोन्हींच्या गळ्यातील दावे एकच व्यापारी धरून असतो. उदगीरला विकला गेलेला काळा बोकड भालकीच्या कळपात जातो तेव्हा तेथे जन्मणारी करडे कोणत्या जातीची म्हणावीत, याला त्याच्या रंगावरून उत्तर नाही. कानात बिल्ला आणि मालकाच्या खिशात आई-बापाच्या क्रमांकांची चिठ्ठी असली, तर भालकीचा मेंढपाळ ते बाजारात उभ्या उभ्या वाचू शकेल.